पाळणा आणि देवी एकाच फोटोत

२४ मार्च, सोमवार

नोकरी जाऊन आज बारा दिवस झाले. बाराव्यालाच डायरी उघडतेय, म्हणजे सगळं रीतसर चाललंय म्हणायचं.

अकरा वर्षं त्या कंपनीत काढली आणि चौदा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये कारभार आटोपला. शेवटी ती एचआरची पोरगी म्हणाली, ‘टेक केअर, पल्लवी.’ मी म्हणाले, ‘थँक्यू.’ थँक्यू! डोंबलाचं थँक्यू. पण तेव्हा राग आला नाही आणि आता लिहितानाही येत नाहीये. रडूसुद्धा आलं नाही. दातवाल्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा होतो, तशी सगळीच्या सगळी मी झालेय.

दहापर्यंत झोपते. बेडरूमचा पडदा जाड आहे, सकाळ झालेली कळत नाही. संध्याकाळी परभणीहून आईचा फोन येतो. ‘दमलीस का गं?’ ‘हो ना, मीटिंगा होत्या.’ खोटं बोलायला आता विचारही करावा लागत नाही.

सारजाबाई अकराला कामाला येतात. नऊ वर्षं त्यांच्याकडे घराची किल्ली आहे, पण आमची गाठ क्वचितच पडायची. आता मी रोज समोर. ‘घरून काम चालू आहे,’ मी सांगून टाकलं. ‘व्हय का,’ म्हणाल्या आणि मिटलेल्या लॅपटॉपवरची धूळ पुसली.

२७ मार्च, गुरुवार

आज सारजाबाई लादी पुसता पुसता म्हणाल्या, ‘ताई, त्यो माळ्यावरचा लाकडी कॅमेरा चालतो का हो अजून?’

सहा वर्षांपूर्वी हौसेने घेतला होता. घडीचा, लाकडी, मधे अकॉर्डियनसारखा भाता, मागे दुधी काच. काचेवर चित्र उलटं दिसतं आणि एका फोटोला एक अख्खी फिल्म लागते, पोस्टकार्डाहून थोडी लहान. मी एक्स-रेची फिल्म लाल दिव्यात कापून वापरायचे. मग कामं वाढली आणि तो माळ्यावर गेला.

‘चालतो. का?’

त्यांची वाडी मुळशी धरणाच्या पलीकडे, ताम्हिणीच्या अंगाला. ही इथे सूसगावात भाड्याची खोली आहे, पण देवी तिकडे. देवीचं देऊळ लाकडी खांबांचं, कौलारू. अक्षय्य तृतीयेला ते उतरवून स्लॅबचं बांधणार आहेत. देवीसमोरच्या तुळईला नवसाचे पाळणे टांगलेत, वीतभर लांबीचे, प्रत्येकाला झोका द्यायची लांब दोरी. सारजाबाईंना लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. नवस बोलल्या, अमोल झाला, पाळणा बांधला. गेल्या ज्येष्ठात अमोल घाटात दुचाकीवरून पडून गेला. बावीस वर्षांचा होता.

मला माहीत होतं. तेव्हा ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज होता, मी भेटायलाही गेले नव्हते. पाचव्या दिवशी त्या कामावर हजर होत्या.

आता जुने पाळणे धरणाच्या पाण्यात सोडणार. देवीला दिलेली वस्तू परत घरी आणत नाहीत. ‘म्हनून एक फोटू पायजे. देवी आन् पाळना एकाच फोटूत. नुसता पाळना काय करायचा? तिच्यापुढं हाय, असा पायजे.’

‘अहो, मग मोबाईलवर काढू की. दोन मिनिटांचं काम.’

‘मोबाइलातलं नगं. त्याचं समदं फोटू त्याच्या मोबाइलातच व्हतं. त्याचं कुलूप कुनालाच न्हाई उघडलं.’

‘बघू,’ मी म्हणाले. माझ्या ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा असतो, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली नाही. नऊ वाजता सारजाबाई साखरेची गाठी घेऊन दारात. सुट्टीच्या दिवशी! ‘चला, गाडी काढा. सनाचं देवीला जाऊ, तुमी कॅमेरा बी घ्या.’ बाईला ‘बघू’ कळत नाही.

देऊळ म्हणजे केवढं! आमच्या सोसायटीचं क्लब हाऊससुद्धा मोठं असेल. बुटकं, काळोखी, तेलाने काळवंडलेले खांब. पाठीमागच्या भिंतीला चिकटून उभी राहिले तरी माझ्या भिंगातून देवी दिसली तर पाळणा कापला जाईल आणि पाळणा घेतला तर देवी जाईल, हे नुसतं बघूनच कळत होतं. पण तेवढीही वेळ आली नाही. पूजा करणारे चिंधूबाबा उंबऱ्यातच आडवे.

‘ह्यो मदला भाता कशाचा?’

‘चामड्याचा असावा.’

‘मग भाईर. देवीला चामडं चालत न्हाई.’

‘बाबा, दहा मिनिटांचं काम आहे.’

‘धा मिंटं ऱ्हावा न्हाई तर धा वरीस. चामडं त्ये चामडं.’

येताना गाडीत सारजाबाई म्हणाल्या, ‘आता कापडाचा करावा लागंल.’ जणू ब्लाउजच शिवायचाय.

३ एप्रिल, गुरुवार

माळ्यावरच्या खोक्यात ते दुसरं भिंग सापडलं. कॅमेऱ्याबरोबरच विकणाऱ्याने गळ्यात मारलं होतं. पितळी, मुठीएवढं, शंभरेक वर्षांपूर्वीचं. ‘हे लांबरुंद बघतं, मॅडम. लहान खोली अख्खी येईल.’ मी कधी बसवलंच नाही, कारण त्याला कॅमेऱ्याच्या पुढच्या फळीवर धरून ठेवणारी रिंग नव्हती.

आज दिवसभर त्याच्यामागे होते. अडचणी दोन. एक, रिंग. दुसरी अशी की हे भिंग फिल्मच्या अगदी जवळ, जेमतेम चार बोटांवर बसवावं लागतं, आणि माझा चामड्याचा भाता एवढा दबतच नाही. घड्या एकमेकींवर चढून तटतात, भिंग खालीवर सरकत नाही. म्हणजे भाता काढायलाच हवा, देवीला चालो न चालो. तिथे सैल कापडी पिशवी हवी, उजेड न शिरणारी. सारजाबाईंचंच खरं झालं. चीड यायला हवी होती. नाही आली.

९ एप्रिल, बुधवार

जवळच्या नांदे गावी कैलासच्या वर्कशॉपमध्ये गेले. तो सोसायट्यांची गेटं बनवतो, पण कोपऱ्यात लेथ आहे. भिंग हातात घेऊन फिरवलं, नखाने आटे मोजले.

‘मॅडम, हे आटे मिलिमीटरातले न्हाईत, इंचातले हायेत. नमुन्याची रिंग आना.’

‘नमुन्याची असती तर तुमच्याकडे कशाला आले असते?’

हसला. ‘ते बी खरंय. शुक्रवारी या.’

१२ एप्रिल, शनिवार

करायचं नव्हतं ते केलं. काल कैलासने रिंग दिली. ‘आधी हातानं फिरवून बघा, अडली तर माझ्याकडं आना,’ असं दोनदा बजावलं होतं. तीन वेढे छान गेले, मग अडली. मी पाना लावला. करकर आवाज आला आणि पितळाचा भुगा ओट्यावर पडला. भिंगाचा पहिला आटा कायमचा गेला.

नांद्याला गेल्यावर कैलासने भिंग उजेडाला धरून मोडलेला आटा चाचपला. मग म्हणाला, ‘पाना? पितळाला? शंभर वरसं कुनी ह्याला धक्का लावला न्हाई, आन् तुमी सोसायटीतल्या बायका...’ पुढचं गिळलं. शेवटी म्हणाला की आता आट्यांचा नाद सोडायचा, भोवती पट्टी घालून स्क्रूने आवळायचं. तसं केलं. फळीला भोक पाडून तिथल्या तिथे बसवून दिलं. हलवून पाहिलं, मुळीच डुगडुगत नाही.

तो एवढा चिडला आणि मी तिथे स्टुलावर बसून चहा पीत होते. माझीच वस्तू मीच मोडली आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. हे काय झालंय मला? की मी मुळातच अशी आहे आणि ऑफिसच्या धांदलीत कळलं नव्हतं?

१६ एप्रिल, बुधवार

भात्याला काळं, दाट कापड हवं होतं. मी ऑनलाइन शोधत बसले, तर सारजाबाईंनी सरळ बेडरूमचा पडदा काढून आणला.

‘ह्यो घ्या की. मुंगी बी दिसायची न्हाई ह्यातनं.’

‘अहो, मग मी झोपू कशी?’

‘दिवसा कशाला झोप लागती मानसाला?’

दुपारभर दोघी जमिनीवर बसून शिवत होतो, दुहेरी कापड, आतून छत्रीचं अस्तर. माझे टाके बघून त्यांनी दोनदा उसवले. मधेच मान खाली घालूनच म्हणाल्या, ‘तुमचं हापिस सुटलंय न्हवं?’

‘कोणी सांगितलं?’

‘कुनी कशाला सांगाया पायजे? इस्त्रीची कापडं न्हाईत, डबा न्हाई, फोनवरचं विंग्रजी भांडान न्हाई.’

‘मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा.’

‘मग मी बी न्हाई सांगत.’

आणि दोरा दाताने तोडला. विषय संपला. बरं वाटलं की वाईट, ठरवता आलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

पडदा नसल्यामुळे सहालाच ऊन तोंडावर. नुसता वैताग. उठलेच आहे तर म्हणून भात्यात टॉर्च घालून छिद्रं शोधली, चार सापडली, काळ्या रंगाने बुजवली. सारजाबाई आल्या तेव्हा माझी अंघोळ झालेली बघून गालातल्या गालात हसल्या. कशाला, कोण जाणे.

२० एप्रिल, रविवार

बाल्कनीतून चाचणी घेतली. काळं कापड डोक्यावर घेतलं आणि दुधी काचेवर समोरचे तिन्ही टॉवर, क्रेन, टेकडी, सगळं एकदम, उलटं. एवढं काही एका वेळी दिसेल असं वाटलं नव्हतं. फक्त वरच्या बाजूला एक लाकडी पट्टी आडवी. हे कुठलं बांधकाम म्हणून पाच मिनिटं डोकं खाजवलं. कर्म माझं! चित्र उलटं, म्हणजे वर दिसतंय ते खाली आहे. भिंग इतकं रुंद बघतं की कॅमेऱ्याची स्वतःचीच तळाची, पुढे आलेली फळी फोटोत येत होती. फळी खाली झुकवली, गेली.

या भिंगाला शटर नाही. टोपण काढायचं, मोजायचं, टोपण लावायचं. त्याचं मूळ टोपणही चामड्याचं होतं, म्हणजे बाद. सारजाबाईंच्या मशेरीच्या डबीचं झाकण चपखल बसलं. आता भिंगाला मशेरीचा वास येतो.

२९ एप्रिल, मंगळवार

आजचाच दिवस होता. उद्या देऊळ उतरवणार.

चिंधूबाबांनी कॅमेरा वासरू विकत घेतल्यासारखा चहूबाजूंनी तपासला. भाता चिमटीत धरून पाहिला. ‘कापाड हाय,’ कबूल झाले. मग माझ्या मनगटाकडे बोट. घड्याळाचा पट्टा. तोही बाहेर.

भिंतीला पाठ टेकवून कॅमेरा लावला. काचेवर अंधुक, पण सगळं आलं. समया, देवी, चारही खांब, तुळई आणि तिला टांगलेले सात पाळणे. डावीकडून तिसरा सारजाबाईंचा. उजेड इतका कमी की हिशेबाने पंचवीस मिनिटं टोपण उघडं ठेवावं लागणार होतं. होल्डरमध्ये दोन फिल्म होत्या, पण सव्वाचार वाजून गेले होते आणि पाचला शेवटची आरती आणि भजन, म्हणजे मिळणार एकच फोटो.

‘सगळ्यांनी बाहेर व्हा. पंचवीस मिनिटं आत कुणी चालायचं नाही.’

‘मी बसू का त्याच्यापाशी?’ सारजाबाईंनी विचारलं.

‘बसा. पण हलायचं नाही हं. हललात तर पुसल्या जाल.’

सारजाबाई पाळण्याखालच्या खांबाला टेकून बसल्या. मी झाकण काढलं आणि पाय न वाजवता बाहेर येऊन उंबऱ्यासमोर बसले, कुणी आत शिरू नये म्हणून. बरं झालं बसले. दोघे जण टाइल्सचे नमुने घेऊन आले, एक आजी दिवा लावायला आली, सगळ्यांना हात जोडून थोपवलं. एका टाइल्सवाल्याने ‘आत काय ऑपरेशन चाललंय का?’ विचारलं. ‘हो,’ म्हणाले.

पंचवीस मिनिटं झाली. आत गेले, झाकण लावलं. सारजाबाई होत्या तशाच.

‘हलला नाहीत ना?’

‘न्हाई बया. पुतळ्यावानी बसले.’

जाताना त्यांनी करवंदं तोडून दिली. गाडीत दोघींनी खाल्ली. आंबट लागली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी लागलं.

३० एप्रिल, बुधवार

सारजाबाई वाडीवर. फोनवर म्हणाल्या, ‘उतरलं. पाळनं सोडलं पान्यात.’ आवाज नेहमीसारखाच, भाजी काय करू विचारताना असतो तसा. आईचाही फोन आला होता, उचलला नाही.

१ मे, गुरुवार

न्हाणीघरात लाल दिवा लावून फिल्म धुतली. हळूहळू सगळं उमटलं. समया, देवी, तिच्या नथीचा ठिपकासुद्धा. खांबांवरची नक्षी. शंभर वर्षांचं भिंग, एक आटा मोडलेलं, आणि काय रेखीव!

मग पाळणे मोजले. सहा.

पुन्हा मोजले. तिसऱ्याच्या जागी धुरासारखं काहीतरी. बाकी सहा कसे दोरीनिशी स्वच्छ. आणि खाली खांबाशी सारजाबाई, चेहरा स्पष्ट, लुगड्याचे काठ स्पष्ट, एक हात कोपरापर्यंत स्पष्ट. पुढे नाही.

दोरी ओढत होती ती. पंचवीस मिनिटं बसून पाळण्याची दोरी ओढत होती.

२ मे, शुक्रवार

संताप झालाय नुसता. एक महिना! कैलास, पाना, पडदा, ती टाचणीएवढी छिद्रं, सगळं एका वस्तूसाठी आणि नेमकी तीच पुसून बसली बाई. ‘पुतळ्यावानी’ म्हणे! आणि मी शहाणी दाराबाहेर पाठ करून टाइल्सवाल्यांशी हुज्जत घालत होते. तिला ‘हलू नका’ म्हणाले, ‘पाळणा हलवू नका’ म्हणाले का? पाळण्यापाशी बसलेली आई काय करणार, हे मला कळायला नको? देऊळ नाही, पाळणा पाण्यात. परत काढायचा म्हटलं तरी काय काढू?

अकराला बेल वाजली. दार उघडलं नाही आणि आतून कडी लावलेली, म्हणून किल्ली चालली नाही. बाहेर थोडा वेळ चपलांचा आवाज आला, मग गेल्या.

३ मे, शनिवार

फिल्म कागदावर छापली. दहादा छापून धूर काही पाळणा होत नाही. आजही कडी काढली नाही.

४ मे, रविवार

सुट्टी असून आल्या. बेल नाही वाजवली, दारावर थाप मारली. ‘ताई, मला ठावं हाय तुमी आत हायसा. फोटू आला न्हाई, असंच न्हवं? तसं सांगा की. कोंडून कशाला घ्यायचं?’

उघडलं. फोटो हातात दिला. त्या खिडकीशी गेल्या, लांब धरून पाहू लागल्या. आधी देवीला नमस्कार केला. मग पाळण्यांवरून बोट फिरवत, ‘ह्यो धोंडाबाईचा. ह्यो खालच्या आळीतला.’ मग बोट थांबलं.

‘माझा कुटंय?’

बोट खाली आलं. ‘ही मी.’ खांद्यावरून कोपरापर्यंत गेलं. कोपराच्या पुढे हात नव्हता, तरी बोट थांबलं नाही, तिथूनच दोरी धरल्यासारखं वर वर चढलं आणि त्या धुरावर टेकलं.

‘सारजाबाई, चूक माझी आहे. मी नीट सांगायला हवं होतं, की पाळण्याला...’

‘हलतोय,’ त्या म्हणाल्या.

‘हो, म्हणून तर तो...’

‘निजला न्हाई अजून.’

इतकं हळू म्हणाल्या, शेजारी कुणी झोपलेलं असावं तसं. फोटो पदरात गुंडाळला, पोटाशी धरला आणि गेल्या. घरात काल-परवाची भांडी तशीच होती, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

भांडी मी घासायला घेतली. दुसऱ्याच ताटाला रडू आलं. थांबेचना. नळ मोठा सोडला तरी आवाज बाहेर जात असणार, कारण शेजारच्या काकू धावत आल्या. हाताला साबण तसाच ठेवून दार उघडलं.

‘अगं बाई, काय झालं पल्लवी?’

‘आमच्या सारजाबाईंचा मुलगा गेला हो, काकू.’

‘अरे देवा! कधी गं?’

‘गेल्या वर्षी,’ मी म्हणाले.